अप्पांचा पाच पिनांचा कीबोर्ड

अर्धांगाच्या झटक्यात अप्पांची वाचा गेली, उजवा हातही गेला. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं की लेकीच्या, ताईच्या घरीच राहू द्यायचं, यावर सगळे नातेवाईक हिरिरीनं बोलत होते. अप्पांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"विचारून उपयोग काय? सांगणार कसे ते?" ताईचा धाकटा भाऊ म्हणाला.

ताई जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायची. नवा, चपटा कीबोर्ड तिनं अप्पांपुढे ठेवून पाहिला होता. बोटं घसरायची, भलतीच अक्षरं उमटायची आणि अप्पा तोंड फिरवायचे. छापखान्यात ज्याच्यावर त्यांची हयात गेली, तो जाडजूड कीबोर्ड माळ्यावर होता. त्यावर ते चुकणार नाहीत, याची तिला खात्री होती. ते घरीच राहतो म्हणतील, याचीही. पोटच्या पोरीला एवढं कळू नये?

वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा गोल प्लग होता. तिनं पिना मोजल्या, पाच. तिच्या मशीनचं सॉकेट लहान, सहा भोकांचं. मधे लावायला तिनं कन्व्हर्टर आणला. चपखल बसला, पण पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! तोच खराब असेल म्हणून दुसरा आणला. तो बसला आणि ढिम्म राहिला. तिसऱ्याचीही तीच गत झाल्यावर धाकटा वैतागला.

"ताई, भंगारात टाक ना ते धूड!"

तेवढ्यात अप्पांनी डाव्या हातानं कीबोर्ड ओढला आणि टेबलावर पालथा घातला. चिडले, असं ताईला वाटलं. तिनं तो सरळ केला. त्यांनी पुन्हा पालथा घातला आणि एका कोपऱ्यावर नख टेकवलं. तिथे मळाखाली इवलंसं सरकतं बटण होतं.

ताईनं कपाळाला हात लावला. पाच पिनांच्या मशिनांच्या पिढ्या दोन. प्लग हुबेहूब, पण एकीचे संकेत दुसरीला कळत नाहीत. सहा भोकांचं सॉकेट नव्या पिढीचेच संकेत ओळखतं, आणि कन्व्हर्टर नुसता आकार जुळवतो. दोन्हींना चालणाऱ्या कीबोर्डला खाली हे बटण असतं. गिऱ्हाइकांना ती हेच ऐकवायची, आणि घरच्या कीबोर्डच्या पिना मोजत बसली होती.

मशीन बंद करून तिनं बटण सरकवलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. कीबोर्डचे दिवे लुकलुकले.

"अप्पा, सांगा. आश्रमात जायचं की घरी राहायचं?"

डावं बोट सावकाश, पण न चुकता पडत गेलं. धाकटाही खुर्ची ओढून जवळ आला.

'आश्रमात जातो.'

"का पण?" ताईचा आवाज चिरकला. "माझं काही चुकलं का, अप्पा?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि पुन्हा टाइप केलं.

'रोज रात्री रडतेस. मला ऐकू येतं.'

खोटं आहे म्हणायला तिनं तोंड उघडलं. त्याऐवजी तिनं अप्पांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि भर दिवसा, धाकट्यासमोर, पोटभर रडून घेतलं.