चाकू हातात देत नसतात

माझ्या शाळेच्या ड्रेसला खिसा आहे. आईने शिवून दिला नाही, मीच शिवला, जुन्या उशीच्या अभ्र्याचं कापड लावून. तो इतका वाकडा झालाय की आत हात घालताना कोपर वर उचलावं लागतं. पण खिसा तो खिसा! वर्गातल्या पोरांच्या पँटीला चार-चार खिसे, आणि त्यात काय, तर चिंचोके. माझ्या एकाच खिशात आप्पांचा चाकू असायचा.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. आष्टीत आमचं किराणा दुकान होतं आणि आप्पांना चाकूंचा नाद होता. मारामारीचे चाकू नव्हेत हो, घडीचे. बोटाएवढे, पातं मुठीत मिटणारे. ज्या बाजाराला जातील तिथून एक आणायचे. कुणाला पितळी मूठ, कुणाला शिंगाची, एकाला तर बाभळीची, धनगराने स्वतः कोरलेली. बिस्किटांच्या डब्यातले अठरा आणि अंगावरच्या बंडीतला एक, असे एकोणीस होते आणि त्यांची नावं बाजारावरून पडलेली. माळेगावचा, कपिलधारचा, गेवराईचा. बंडीच्या खिशात मात्र कायम कड्याच्या बाजारातला, काळ्या शिंगाच्या मुठीचा. त्याने ते पोत्याची सुतळी कापत, गुळाची ढेप फोडत, नखं काढत, आणि एकदा माझ्या टाचेतला बाभळीचा काटा त्यांनी असा काढला की मी रडायचं ठरवेपर्यंत काटा बाहेर! "सुपारीला अडकित्ता, बाकी दुनियेला चाकू," असं म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही. कुणी मागितला की ते मिटवून गल्ल्याच्या फळीवर ठेवत, मग समोरच्याने उचलायचा. "हातातून हातात दिला की दोघांत भांडण लागतं, बाळ." आमच्याकडे हे सगळेच पाळतात, पण आप्पांइतकं कडक कुणी नाही. एकदा देवळातल्या स्वामींनी हात पुढे केला, तर त्यांनाही फळी दाखवली.

जूनमध्ये बाबांनी उमापूरचं चुलत्यांचं दुकान घेतलं आणि आम्ही इकडे आलो. श्रावणात आप्पा गेले. आष्टीत गेले असते तर बाजारपेठ बंद राहिली असती. इथे त्यांना ओळखत होतं कोण? समाधी द्यायला मोजून अकरा माणसं होती, त्यातली चार शेजारधर्म म्हणून आलेली. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. गळ्यातलं लिंग, कपाळाची विभूती, सगळं आप्पांसोबत गेलं. चाकू तेवढा खुंटीवरच्या बंडीत राहिला. तेराव्यानंतर तो मी घेतला, आणि त्याच दिवशी खिसा शिवला.

आता शाळेचं सांगते. नववीत माझ्या बाकावर माझ्या शेजारी दप्तरं बसायची. खरंच! ज्यांच्या बाकावर तिघी दाटीवाटीने बसत, त्या आपली दप्तरं माझ्याकडे ठेवत. मला कुणी त्रास दिला नाही. त्रास द्यायलाही थोडी ओळख लागते. मी मधल्या सुट्टीत डबा खायचे तो भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता बघत. सोडियमपर्यंत पाठ झाला. मला फार काही नको होतं. डबा उघडल्यावर "काय आणलंस गं?" असं विचारणारं एक माणूस हवं होतं. एकच.

एके दिवशी विज्ञानाच्या सरांना प्रयोगशाळेचं खोकं उघडेना. किल्लीने ओरबाडून झालं, पट्टीने झालं. आणि मी उभी राहिले. आजवर हजेरीशिवाय तोंड न उघडलेली मी!

"सर, मी खोलते."

खिशातून चाकू काढला, नखाच्या खाचेत नख घातलं, टक्! सरर्र करून चिकटपट्टी कापली. सगळा वर्ग वळून बघत होता.

"आगं, चाकू घेऊन फिरतीस व्हय?" सर म्हणाले.

"सर, दुकान हाय आमचं. सुतळी कापायला लागतो."

सर हसले. "बरं. काम झालं की मिटवत जा. आन् माझ्या तासाला खिशातच राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून मी 'चाकूवाली' झाले. "ए चाकूवाली, पेरू कापायचाय!" "रुद्राणी, पेन्सिलला टोक!" "आगं, चपलेचा अंगठा तुटला, भोक पाड की!" आणि मी काय सांगू, मी बोलायला लागले ते थांबेचना! आप्पांचे नियम मी वर्गाला पाठ करायला लावले. वापरून झाला की पुसायचा, मिटवायचा, बाकावर नावं कोरायची नाहीत. आणि हातात मिळणार नाही, बाकावर ठेवीन, उचलून घ्या. पोरी हसायच्या, पण ऐकायच्या. घरी मी आईला एवढं सांगायचे की ती म्हणायची, "भाकरी करपली बघ तुझ्या बडबडीनं."

दसऱ्याच्या आधी रुचिकाचा वाढदिवस आला. रुचिका म्हणजे आमच्या वर्गाची राणी. तिच्या बाकावर चौघी बसतात. ती स्वतः माझ्याकडे आली. "संध्याकाळी घरी ये हां. आन् चाकू आण, लई भारी दिसतो तो फोटूत."

मी आईची मोरपंखी ओढणी घेतली. चाकूला खोबरेल लावून चमकवला. रुचिकाच्या घरी फुगे, केक, गाणी, सगळं होतं. मी चाकू मिटवून टेबलावर ठेवला, तिने उचलला, केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी फोटो काढले. मी त्या वेळी चाकूची वाट बघत बाजूला उभी होते, कारण त्याच्या घडीत क्रीम गेलं की गंज धरतो. चाकू मिळाला तो मुठीपर्यंत चिकट झालेला. मी मागच्या अंगणात नळावर बसून काडीने एकेक खाच साफ केली. आत अंताक्षरी सुरू झाली होती. आत गेले तेव्हा माझ्या वाटचा केक एका कागदी बशीत ठेवलेला होता आणि खुर्च्या भरलेल्या होत्या.

रात्री बाबांच्या मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपचे फोटो बघितले. बारा फोटो. आठांत चाकू आहे. मी एकातही नाही.

सोमवारी मी चाकू मुद्दाम घरी ठेवला.

"चाकू?" पेरू घेऊन रुचिका आली.

"आणला न्हाई."

"कावून?"

"इसरला."

"बरं," म्हणाली आणि गेली. मंगळवारी दोघी आल्या आणि गेल्या. बुधवारी कुणीच विचारलं नाही. दप्तरं परत माझ्या शेजारी येऊन बसली. मी तक्त्यावर मॅग्नेशियमपासून पुढे सुरू केलं.

गुरुवारी कुणीतरी ती दप्तरं उचलून खाली ठेवली.

"सरक."

विजयमाला होती. शेवटच्या बाकावर एकटी बसणारी. सगळ्यांशी भांडते म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नसे. तिने माझा चाकू कधीच मागितला नव्हता.

"मी चाकू आणला न्हाई," मी आधीच सांगून टाकलं.

"म्या इचारलं व्हय?" तिने ओढणीतून पेरू काढला, कचकन दाताने फोडला आणि अर्धा माझ्या हातात कोंबला. "पेरूला चाकू लागतोय म्हनं. दात काय फोटू काढायला दिल्यात का?"

मला इतकं हसू आलं की बी नाकात गेली. मग तिने माझ्या डब्यात वाकून बघितलं. "काय आणलंस गं?"

एवढंच. जूनपासून मी या तीन शब्दांची वाट बघत होते आणि ते आले तेव्हा माझ्या नाकात पेरूची बी होती!

त्यानंतर आमचे पंधरा-सोळा दिवस झाले. ती घरी आली, मी आप्पांचा डबा उघडला. तिने एकेक चाकू उन्हात धरून विचारलं, "ह्यो कुठला? आन् ह्यो?" मी एकोणीसही सांगितले. आप्पा गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या बापाकडे, बंकटकाकांकडेही असा एक होता म्हणे. साखर कारखान्यावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, बांधताना दोऱ्या कापायला, पोरांना उसाची कांडी सोलून द्यायला. गेल्या साली उसात पडला तो सापडला नाही.

मी चाकू परत शाळेत आणायला लागले, पण माझ्या फळीच्या नियमावर ती लई खेकसायची. "दे की हातात! काय नाटक लावलंय!"

"भांडण होतं."

"माझं समद्यांशी होतंच. तुझ्याशी व्हायचं राहिलंय तेवढं."

तरी मी ठेवायचे बाकावरच. मला भांडण नको होतं. एवढी एकच तर होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी ती पेरू चावता चावता म्हणाली, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी टॅक्टर येणार."

मला कळलं नाही असं नाही. आमच्या वर्गात बावन्न पोरं आहेत, आणि दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात हे जूनपासून माझ्या कानावर येत होतं. आई-बाप ऊसतोडीला जातात, पोरं सोबत जातात. पण विजयमाला आजवर आत्याकडे राहायची.

"तू कावून? आत्या हाय की."

"अक्काचं लगीन झालं ना उन्हाळ्यात. आता कोपीवर भाकरी कोण करल? धाकल्याला कोण बघल?"

"परत कधी येणार?"

"कारखाना बंद पडल्यावर. चैतात, न्हाई तर वैशाखात."

"आन् परीक्षा?"

"बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. दुकानात उधारी मागितली की गिऱ्हाईक हेच म्हणतं. गेल्या वर्षी म्हणे वर्गातल्या दोघी अशाच 'बघू' म्हणून गेल्या. एकीचं तिकडूनच लग्न झालं. दुसरीचं काय झालं ते कुणाला विचारलं तरी खांदे उडवतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेशीजवळ गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी, पत्र्याच्या पेट्या, बाजा, डालग्याखाली एक कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर विजयमाला, मांडीवर धाकटा भाऊ. मला बघून ती खाली उतरली.  

मी खिशातून कड्याचा चाकू काढला. काळ्या शिंगाचा, आप्पांचा. मिटवलेला. आणि तिच्यापुढे धरला.

ती दचकली. "आगं, आप्पाचा हाय त्यो."

"घे."

"ठिव तिथं." तिने ट्रॉलीची फळी दाखवली. "म्या उचलते."

एवढी नाटक म्हणणारी, आता तीच फळी दाखवत होती!

"न्हाई. हातात घे."

"येडी का काय? भांडण हुईल."

"हू दे. भांडायला तरी परत यावंच लागंल तुला."

 मग तिने हात पुढे केला आणि मी चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली, पण माझी बोटं आतच होती, ती जरा वेळ तशीच राहिली.

बंकटकाका पुढून ओरडले, "चार कोयते हायती की आपल्याकडं! आजून चाकू कशापायी?"

"पेरूला!" विजयमाला म्हणाली.

ट्रॅक्टर सुरू झाला. फाट्यापर्यंत ती काहीतरी ओरडत होती. मला एवढंच ऐकू आलं, "चूक तुझीच असंल!"

घरी बाबा तूर मोजत होते. मी सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी माप तुरीतच ठेवलं. "फळीवर ठेवून दिलास, का हातात?"

"हातात."

"मग काय, भांडा आता," म्हणाले आणि परत मोजायला लागले. पण किती मापं झाली ते विसरले, पहिल्यापासून मोजावं लागलं.

शाळा सुरू झाली तेव्हा हजेरीला एकोणतीस जण होते. आता बाक इतके मोकळे आहेत की दप्तरांनाही स्वतःचा बाक मिळतो. रुचिकाने एकदा विचारलं, "चाकू?" मी म्हटलं, "कारखान्यावर गेलाय." ती हसली आणि मीही हसले. डब्यात अठरा आहेत, पण मी दुसरा घेतला नाही. खिसा रिकामाच आहे. हात मात्र जातो, कोपर वर होतं, आणि मग आठवतं.

बंकटकाकांच्या फोनवर दोनदा लावला. एकदाच लागला. मागे गाडीचा आवाज, धाकट्याचं रडणं.

"चाकू हाय ना?" मी विचारलं.

"हाय. धार गेलीय जराशी. उगं पायरीवर घासून काय हुईना, तुझा आप्पा कसा लावायचा?"

"तसं नसतं घासायचं! पाण्यात भिजवून, एकाच अंगाला..."

"वरडू नगंस. फोनवरचं भांडण धरीत न्हाईत."

मग आवाज तुटला.

मी मात्र तयारी चालू ठेवलीय. वहीच्या मागच्या पानावर मुद्दे लिहून ठेवते. तू माझ्या खिशाला वाकडा म्हणालीस. तू आप्पांच्या चाकूची धार घालवलीस. तू मला मॅग्नेशियमवर सोडून गेलीस आणि आता मी आर्गॉनवर आलेय. वैशाखापर्यंत पान भरेल.

पेरू आता दातानेच फोडते. अर्धा खाते. उरलेला अर्धा बाकावर ठेवते, डाव्या बाजूला. घंटा झाली की तोही खाऊन टाकते, कारण पेरू लवकर काळा पडतो.