कुठंही उघडणारं पुस्तक

धाकट्या बहिणीनं अप्पांना आपल्या घरी नेलं, तर ताईच्या पदरात पडणार होतं ते असं: समुद्रकाठच्या शाळेत पुस्तकबांधणी शिकवण्याचं काम, राहायला एक खोली, आणि खोलीला खिडकी. न नेलं, तर आहे तेच. पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास, आणि सकाळी लेक म्हणून ओळखून दुपारी "आपण कोण?" विचारणारे अप्पा.

घरात पेच पडला की अप्पा डोळे मिटून बायबल उघडत. बोट पडेल ते वचन म्हणजे निकाल. धाकटीचं म्हणणं, याही वेळी तसंच होऊ दे. "देवानं सांगितलं की तुझंही तोंड बंद, माझंही."

"माझं कधी उघडं होतं?" ताई म्हणाली.

बायबल खिळखिळं झालेलं, म्हणून ताईनं ते आधी बांधायला घेतलं. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं. कागदाची धूळ त्यात इतकी निवांत तरंगत होती, की खोलीच पाण्याखाली असावी असं वाटे. जुना पुठ्ठा सोडवताना तिचा हात थांबला. पुस्तकाच्या पाठीवरचा सरस एकाच जागी भेगाळला होता. तिथल्या घडीत हाडाच्या पट्टीचा वळ. पुस्तक हवं तिथंच उघडावं म्हणून बाइंडर असा दाब देतो. ही युक्ती तिला अप्पांनीच शिकवली होती.

पान होतं आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचं. तिला मागणी घालायला एक सुतार आला होता, त्या संध्याकाळी हेच पान उघडलं होतं. सुतार टोपी उचलून निघून गेला होता.

ऊन भिंतीवर चढलं तरी ती बसूनच होती. एकमेकांची ओझी वाहायला सांगणारं पानही त्याच पुस्तकात होतं. तिथं एक दाब दिला, की समुद्र. जन्मभर ती देवाजवळ शहाणपण मागत आली होती. आज वाटलं, सोबत चिमूटभर लबाडी मिळाली तर काय बिघडलं? पट्टी तिनं उचललीही. मग खाली ठेवली, आणि सगळ्या पाठीला एकसारखा सरस लावला.

रविवारी प्रार्थनेनंतर धाकटी आली. अप्पांनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा पुस्तकाच्या पाठीवरून चाचपत गेला, कुठंच अडकला नाही. "हात चांगला आहे हो तुमचा," परक्या बाईला म्हणावं तसं ते ताईला म्हणाले. पुस्तक उघडलं. बोट पडलं वंशावळीवर: अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा.

"आता यातून काय घ्यायचं?" धाकटीनं विचारलं.

"हेच, की आपलं आपण ठरवायचं. मला जायचंय गं. नेशील त्यांना?"

धाकटी अंगठी फिरवत म्हणाली, "हे सरळ आधी का नाही विचारलंस?"

"तू तरी कधी विचारलंस, तुला काय हवं म्हणून?"

धाकटी उठली. "त्यांची पिशवी भर."

दाराशी अप्पा थांबले. धाकटीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "ताई, त्या सुताराच्या वेळी पान मीच दाबून ठेवलं होतं. देवाचं नाव फुकट पुढं केलं. मनात ठेवू नकोस, बाळ."

धाकटीनं गोंधळून मागं पाहिलं. पिशवी धरून उभ्या असलेल्या ताईनं मान हलवली: हो म्हण.

"नाही ठेवणार, अप्पा," धाकटी म्हणाली.

हिशेब इतकाच झाला: देणं अप्पांनी फेडलं, पावती धाकटीला मिळाली. ताईच्या वाट्याला उरलं अप्पांच्या कोटाचं वरचं बटण. ते तिनं सावकाश लावलं.