वेणूबाईचा डावा हात

“हलू नको म्हटलं ना, गाढवा! परत मोजावं लागेल.”

“मोज ना मग. मी काय पुस्तक आहे तुझं?”

“पुस्तक असतास तर बरं झालं असतं. पुस्तक उलटं बोलत नाय.”

रविवारची दुपार. मी शर्ट काढून पालथा पडलेलो, आणि माझी बहीण अक्षता माझ्या पाठीवर पेनाने मणके मांडत होती. ताई फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, शेवटच्या वर्षाला. मी अकरावी अर्ध्यात सोडली, म्हणून घरात रिकामं शरीर माझंच. तिची बोटं मानेवरून खाली सरकली की माझा राग पण उतरत जातो. डोळे मिटतात, पाठ माझी राहत नाय. खाडी होते. भरतीचं पाणी सावकाश आत शिरतं, चिखलावरचे पाखरांच्या पायांचे बारीक बारीक ठसे पुसत जातं...

“आई गं! एवढं जोरात?”

“सॉरी. डोकं जाग्यावर नाय माझं.”

ते मला माहीत होतं. डोकं खाली अंगणात होतं, वेणूबाईकडे. वेणूबाई आमची घरमालकीण, घणसोली गावातली जुनी बाई, सत्तरच्या पुढची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ताईने तिलाच आपली केस म्हणून घेतलं. तीन महिने व्यायाम. सांधा पूर्ण वळतो, पायात ताकद आहे, दोन्ही पाय टेपने मोजले तर सारखे. तरी आजी चालताना उजवीकडे कलते. का? कॉलेजातल्या तिच्या मॅडमनी दोनदा विचारलं, ताई दोनदा गप्प. बुधवारी शेवटचं प्रेझेंटेशन. तेव्हा पण गप्प राहिली तर सहा महिने परत.

“तू माणसाकडे बघतच नाय,” मी म्हटलं. “त्या कोन मोजायच्या पट्टीकडे बघतेस.”

“मग तू बघ! घरात बसून दुसरं करतोस काय?”

लागलं मला. उठलो, तसाच पेनाच्या खुणांसकट गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली ऊन असं पसरलेलं की सगळं पाण्याखालचं वाटत होतं. वेणूबाई कोंबड्यांना दाणे टाकून परत येत होती. हळू, डुलत. उजवीकडे कललेली. आणि डावा हात कमरेपाशी गोल. बोटं वळलेली, जशी कुणाच्या तरी गळ्याला धरलेली. पण तिथे कोणीच नव्हतं. ती त्या कोणीच-नाहीला सांभाळून चालली होती.

“ताई, तिचा हात बघ.”

“तो मी रोज सरळ करते. कितीदा सांगितलं, हात खाली सोडा.”

“अगं पण त्यात काहीतरी आहे!”

आमी दोघं धावतच खाली.

“आजी, कमरेवर काय धरलंय?”

वेणूबाईने स्वतःच्या हाताकडे बघितलं. तिला पण नवल वाटलं. “काय नाय रं पोरा. कलशी असाची. आठ वर्साची व्हती तवापासून. पोरांनी माल्यावर टाकली, बोलतात पडशील.”

मी माळ्यावर चढलो. तांब्याची कळशी, काळी पडलेली. भरून आणायला गेलो तर ताई ओरडली, “पूर्ण नको, अर्धी!” ती मागे हात पसरून उभी राहिली. आजीने कळशी कमरेवर घेतली, आणि चालली.

काय सांगू. बाई सरळ. पाय उचलतेय कळत नव्हतं, अंगणच तिच्या खालून सरकत होतं. पाणी आत डुचमळत होतं, थेंब बाहेर नाय. ती आठ वर्षांची पण होती आणि सत्तरची पण. कोंबड्या बाजूला झाल्या. ताईची पट्टी हातातच राहिली.

“साठ वर्षं वजन डावीकडे,” ताई पुटपुटली. “अंग तोल धरायला उजवीकडे. वजन गेलं, अंगाला कोणी सांगितलंच नाय.”

“मग सांग ना आता. रोज एक तांब्या पाणी कमी कर.”

ती पेनाने तळहातावरच लिहायला लागली. मी म्हटलं, “मॅडमला सांग, पण माझं नाव नको घेऊ. लगेच विचारतील, तू काय शिकतोस.”

आज बुधवार. ताईच्या कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये बसून मोबाईलवर लिहितोय. कळशी मीच आणली, आत पोचवली, बाहेर आलो. समोर हुकाला प्लास्टिकचा सांगाडा लटकलाय, पंख्याने त्याची बोटं हलतात. दार अर्धं उघडं. वेणूबाईचं चालून झालं.

मॅडमचा आवाज, “छान. कसं लक्षात आलं तुझ्या?”

हो म्हण ना, ताई. म्हण, माझ्याच.

“माझ्या नाही आलं, मॅडम. मी तीन महिने तिचा हात सरळ करत होते. माझ्या भावाने बघितलं.”

मूर्ख! सहा महिने गेले हिचे. कोण सांगतं असं?

खुर्ची सरकली. चपलांचा आवाज दाराकडे येतोय.

“चूक स्वतःहून सांगितलीस, तेवढं मला पुरे,” मॅडम म्हणतायत. “तो भाऊ कुठाय? बोलव त्याला, दुसरा पेशंट आहे. बघू दे.”

ताई दारात उभी आहे, हाताने बोलावतेय. शर्टाचं वरचं बटण लावतो. बस, मला जायचंय आता.