विमलाबाईंचा तिसरा कण

दमलोय, मित्रांनो, तेव्हा सावकाश सांगतो. मी एक जुना, दांडा फिरवून चालवायचा कॅल्क्युलेटर आहे. नाशिकच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या खोलीत माझा जन्म गेला. सुरुवातीला काय ते कौतुक! पुढे खिशातले कॅल्क्युलेटर आले आणि मला विचारणाऱ्या एकट्या विमलाबाई उरल्या. त्या नव्या पोरांत आठच आकडे मावायचे, बाईंना त्याहून लांब हवे असायचे.

बाई तिथं शिकवायच्या. सिन्नरहून एसटीनं यायच्या आणि तास संपले की माझ्यासमोर बसायच्या. त्यांचं संशोधन असं होतं: सिलिकॉनसारख्या अर्धवाहकावर उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागं रिकामी जागा राहते आणि ती दोघं जोडीनं हिंडतात. कधीकधी आणखी एक इलेक्ट्रॉन येऊन त्या जोडीला चिकटतो. या तिसऱ्याला सोडवायला किती ऊर्जा लागेल, ते बाईंना काढायचं होतं. त्यासाठी दोन लांबलचक, जवळपास सारख्या आकड्यांची वजाबाकी करायची. उरायचं ते इवलंसं, अगदी शेवटच्या घरांत.

एकोणऐंशी साली उत्तर उलटं आलं, म्हणजे तिसरा टिकतच नाही. बाईंनी पुन्हा केलं, तरी उलटंच. त्यांचे मार्गदर्शक खंडेराव सर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर विषय सोडा. म्हणजे बाईंची इतकी वर्षं पाण्यात.

आणि मला तेल कोणी घातलं होतं? धूळ मात्र पोटभर खाल्ली होती.

बाईंना मग माझाच संशय आला. त्यांनी एक मोठी बेरीज केली आणि तेवढेच फेरे उलटे फिरवले. सगळी घरं शून्यावर यायला हवी होती. एका घरापासून पुढं नऊच नऊ दिसले. माझा हातचा कधी पुढच्या घरात जायचा, कधी वाटेतच अडकायचा. बाईंनी नाशकातल्याच द्वारका चौकातून शिवणयंत्राचं तेल आणलं. शिपाई मोतीराम आणि त्या, दोघांनी मिळून रॉकेलनं माझ्या चाकांचे दात धुतले, तेल घातलं. मग सगळं गणित पहिल्यापासून.

दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. लहानसं, पण सुलटं.

"मोतीरामभाऊ, टिकला बघा. तिसरा टिकला," बाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मलाही फार बरं वाटलं.

पुढं बाई डॉक्टर झाल्या, कॉलेजात संगणक आला, मी कपाटावर गेलो. त्याचं काही नाही, हाडं कुरकुरतातच आता. पण मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या यंत्राला वेळच्या वेळी पुसा, तेल घाला. त्या दिवशी बाईंनी दांडा उलटा फिरवला नसता, तर त्या गुपचूप विषय सोडून घरी गेल्या असत्या. आणि बोल त्यांच्या अकलेला लागला असता, माझ्या धुळीला नाही.