पुलाखालचा पाइप

वहिनीने केबलसाठी दोन वाटा आखल्या होत्या. एक पुलाखालून, दुसरी टेकडीला वळसा घालून. एक तुटली, तर पापणी लवायच्या आत सगळं काम दुसरीवर जायला हवं, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या दवाखान्यातल्या रोग्याच्या हृदयाचे ठोके शहरातल्या डॉक्टरला अखंड दिसत राहतील. आराखडा तिचा, खोदकामाचं कंत्राट धाकट्या दिराचं. आणि त्या दवाखान्यात सध्या खाटेवर होती तिची सासू, म्हणजे त्याची सख्खी आई.

केबल चालू झालीच होती, आज वहिनीची सही झाली की काम संपलं. दीर सकाळपासून चहा विचारत होता. एरवी हा माणूस पाणीसुद्धा विचारायचा नाही.

केबलमध्ये उजेड सोडून लांबी सांगणारं यंत्र तिने टेकडीच्या वाटेला लावलं. आकडा नकाशाशी तंतोतंत जुळला, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. खोदणारा खडक आला की वळतो, झाड आलं की वळतो. जमिनीतली केबल कागदाबरहुकूम कधी येत नाही.

"भावजी, टेकडीवर खडक नाही लागला?"

"छे हो! लोण्यासारखी माती."

त्या टेकडीवर कुदळी मोडतात हे शेंबडं पोरही सांगेल. कुठंतरी पाणी मुरत होतं.

ती त्याला पुलापाशी घेऊन गेली. केबल ज्यातून नेली होती त्या पाइपाचं तोंड सिमेंटने बुजवलेलं. आत केबल एक की दोन, दिसायची सोयच नव्हती. तिने पिशवीतून करवत काढून पाइपावर टेकवली.

"हा कापते. टेकडीची वाट आहेच, आईंचं यंत्र हूं की चूं करणार नाही. बरोबर ना?"

"कापा की," तो हसत म्हणाला. करवत घासल्याचा आवाज आला मात्र, त्याने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं.

"वहिनी, थांब! आई आहे तिथं!"

आजवर त्याने तिला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"दोन्ही ह्यातूनच नेल्यात," तो खाली बघत म्हणाला. "खडकाने मशिनं खाल्ली. लांबी भरावी म्हणून जास्तीची केबल चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलीय. पण पूल कशाला पडतोय, वहिनी?"

तिने करवत त्याच्या डोळ्यांसमोर धरली. दात वर होते. पाइपावर तिने नुसती पाठ घासली होती.

तिला राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. सकाळपासून तिने त्याच्या चहावरसुद्धा संशय घेतला, तरी पुलापर्यंत येताना मनात एकच होतं, की ह्याने खिशात हात घालून खुशाल कापू द्यावं.

"टेकडी खोदायला माणसं लावा. सही त्यानंतर," ती म्हणाली. "आणि तोवर तुम्ही आईंच्या उशाशी बसा. हात त्यांच्या नाडीवर ठेवून."