खुर्चीवरचा कॅडेट

रेणापूरच्या पुढे सोयाबीनच्या रानात विजयध्वज सैनिकी अकॅडमी उभी होती. बारावीचा निकाल शंभर टक्के, असा तिचा बोर्ड दरवर्षी नव्यानं रंगायचा. पंचशीला नांदेडहून तिथं गणित शिकवायला आली. अकरावीत खच्चून भरलेला वर्ग बारावीत निम्मा कसा होतो, असं तिनं एकदा विचारलं होतं. लष्करी शिस्त साऱ्यांना झेपत नाही, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या वर्षी तिच्या बारावीच्या वर्गात शिवांश होता, उदगीरच्या भांडेवाल्या सिद्रामप्पांचा मुलगा. पळण्यात, दोरावर चढण्यात पहिला. गणितात मात्र काठावर. ती रोज संध्याकाळी त्याला वेगळं बसवायची. चुकलं की तो पेन स्वतःच्याच कपाळावर आपटून हसायचा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा.

बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तसं कमांडंट गव्हाणेंनी तिला बोलावलं. गव्हाणे कधी फौजेत नव्हते. ते संस्थाचालकांचे जावई होते, पण मिशा आणि गणवेश कडक ठेवायचे.

"त्या उदगीरच्या पोराची शिकवणी बंद करा."

"का सर? सुधारायलाय तो."

"सुधारेल, नाहीतर नापास होईल. मी जुगार खेळत नसतो. अर्ज भरायच्या आत तो आपणहून घरी जाईल."

"आपणहून?"

"जातात," गव्हाणे म्हणाले आणि समोरचा डिंकाचा लाडू फोडून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मैदानावरून आरडाओरड ऐकू आली म्हणून पंचशीला बाहेर गेली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. सगळा वर्ग पाठीवर पिशव्या घेऊन मैदानाला चकरा मारत होता. आणि लिंबाच्या सावलीत, ऑफिसातल्या गादीच्या खुर्चीवर शिवांश बसला होता. त्याच्या हातात सरबताचा ग्लास होता.

"शिवांश साहेबांचं गणित कच्चं हाय!" ड्रिलचे उस्ताद ओरडत होते. "म्हणून तुम्ही पळायचं अन् साहेबांनी सरबत प्यायचं! ग्लास रिकामा होईस्तोवर थांबायचं न्हाई!"

शिवांश घटाघटा पीत होता. ग्लास रिकामा झाला की उस्ताद तो पुन्हा भरत होते. पळणारी पोरं समोरून जाताना त्याच्याकडे बघायची. एकजण त्याच्या बुटांजवळ थुंकला. शिवांशनं आणखी एक ग्लास कसाबसा पोटात ढकलला आणि खुर्चीतच भडाभडा ओकला. उस्तादांनी ग्लास पुन्हा भरला.

पंचशीलानं धावत जाऊन त्याचा दंड धरला. "ऊठ! चल इथून."

त्यानं खुर्चीचा हात घट्ट पकडला. "नका मॅडम. मी उठलो तर त्यांना अजून पळवतील."

ती तशीच ऑफिसात गेली.

"मारलं का कुणी त्याला?" गव्हाणेंनी शांतपणे विचारलं. "उलट थंडगार सरबत दिलं. आता रात्री पोरंच त्याला झोपू देणार नाहीत. दोन-चार दिवसांत तो घरी फोन करेल. मला बोटसुद्धा उचलावं लागत नाही."

असली किळस तिला आजवर कुठल्याच माणसाची आली नव्हती. अकॅडमीतून निघून गेलेली ती सगळी पोरं अशीच 'आपणहून' गेली होती.

तिनं स्वतःच सिद्रामप्पांना फोन लावला. ते दुसऱ्याच दिवशी पोचले. त्यांच्यापुढं चहा आला आणि गव्हाणे पोक्तपणे बोलू लागले, "मुलगा चांगला आहे, पण त्याला शिस्त झेपेना. दाखला चांगला देतो, घेऊन जा." सिद्रामप्पांची मान खाली गेली. एवढ्या हौसेनं पाठवलेलं पोर, म्हणून ते ऑफिसात बोलावून आणलेल्या शिवांशकडं रागानं बघू लागले.

"अप्पा, खोटं आहे हे," पंचशीला म्हणाली आणि खुर्ची, सरबत, उलटी, सगळं सांगून मोकळी झाली.

सिद्रामप्पांनी चहाची बशी दूर सारली. "शिवांश, खरं हाय का हे?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग तुला इथं राहायचंय का?"

"राहायचंय अप्पा. मी पास होतो."

"ऐकलंत न्हवं साहेब? पोरगं इथंच राहील. काढायचं असंल तर तुम्ही काढा. अन् का काढलं ते लिहून द्या."

असं लिहून देणं गव्हाणेंना परवडणारं नव्हतं. ते हसले. "मी कोण काढणार? आपण त्याच्या मित्रांनाच विचारू."

त्यांनी वर्ग व्हरांड्यात उभा केला. पोरांचे ओठ उन्हानं फुटले होते. "शिवांश राहिला तर रोजची दौड चालूच राहील," गव्हाणे म्हणाले. "तो राहावा असं ज्याला वाटतं, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. शिवांशच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, त्याच्याच डब्यातली शेंगाची चटणी खाणारा रामलिंग जमिनीकडे बघत राहिला.

शिवांश आत गेला, ट्रंक भरली आणि बाहेर आला. सिद्रामप्पांनी ट्रंकेचा एक कान धरला, त्यानं दुसरा.

"बघा मॅडम," गव्हाणे म्हणाले, "आपणहून."

पंचशीलानं त्याच दिवशी नोकरी सोडली. शिक्षण खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडं तिनं तक्रारही केली. पुढे चौकशीला माणसं आली, जेवली आणि परत गेली. त्या वर्षीही निकाल शंभर टक्के लागला आणि लातूरभर फलक झळकले.

सतरा नंबरचा अर्ज भरून शिवांश बाहेरून परीक्षेला बसला. पंचशीला अर्धापूरच्या शाळेत रुजू झाली होती. तिथून ती त्याला फोनवर गणितं सांगायची. तो पास झाला, गणितातही. निकालाच्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मागं दुकानात कुणीतरी पितळेची घागर वाजवून बघत होतं.

"आता सैन्याची परीक्षा देणार ना?" तिनं विचारलं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पळायला अजून आवडतं. पण लायनीत उभं राहिलं की बाजूच्या पोराची भीती वाटायली."