सुगंधाबाईंचे पुसलेले गाणे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझे झाकण कधीच मोडले. भंगारवाल्याची हाक ऐकू आली की वाटते, आज आपली पाळी. पण जाण्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. माझ्याकडून एका बाईचा आवाज पुसला गेला.

कारखान्यात मला जोडले, तेव्हा तपासणाऱ्या मुलीने माझ्यासमोर "एक, दोन, तीन" म्हटले. मी ते तसेच्या तसे परत म्हणून दाखवले. ती हसली. जे ऐकले तेच बोलायचे, हा माझा धर्म त्या दिवशी ठरला. पुढे काही महिने मी औरंगाबादला गुलमंडीवरच्या एका दुकानात काचेमागे बसून होतो. १९८६ साली कडुबा नावाच्या एका कामगाराने मला विकत घेतले आणि बजाजनगरातल्या आपल्या खोलीवर आणले. वाळूजला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. कडुबा त्यातल्याच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर होते.

"हे कशाला आणलं?" त्यांच्या पत्नी सुगंधाबाई म्हणाल्या. "आपल्याला काय सिनेमाची गाणी ऐकायचीत?"

"तुझी ऐकायचीत," कडुबा म्हणाले. "भाकरी थापताना गाणं जोडतीस अन् तवा उतरवला की इसरतीस."

सुगंधाबाई ख्रिस्ती होत्या. प्रभूची भजने त्यांना आपोआप सुचत, पण लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून मी त्यांची वही झालो. माझे लाल बटण दाबले की नवा आवाज भरला जाई, आणि फितीवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाई. हे कडुबांनी त्यांना दहादा समजावले. त्या फार जपून बोट ठेवीत. त्यांचा एक नेम होता. गाण्याआधी ते कशावरून सुचले, हे त्या मला सांगत.

"ते नाय सांगितलं तर गाणं पोरकं होतंय," त्या म्हणत.

पहिले गाणे भरताना त्यांनी जे सांगितले, ते मला अजून पाठ आहे.

"अठ्ठ्याहत्तर साल होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तर गावागावात आमच्या वस्त्या पेटवल्या. आम्ही क्रिस्ताव, पण वस्ती एकच. कोण इचारतंय, तुमचा देव कोणता? दिवस मावळायला घर पेटलं. मी अन् सासू बाजरीतनं पळत सुटलो. माळावर बानाबाई धनगरणीचा मेंढ्यांचा वाडा होता. काट्याचं कुंपण. तिनं दोघींना मेंढ्यांच्या मधी बसवलं, वर घोंगडं टाकलं. माणसं आली. तिच्याच गावची, तिच्याच सोयऱ्यातली. ती काठी घेऊन वाड्याच्या तोंडाशी उभी राह्यली. म्हनली, 'हितं मेंढ्याच हायेत. पाऊल टाकाल तर याद राखा.' दोन दिस तिनं आम्हाला दूध पाजलं. तवापासनं बायबलातलं मेंढपाळाचं ऐकलं की मला बानाबाईच दिसती."

मग त्या गायल्या:

बाहेर पेटला जाळ, आत लोकरीची ऊब
वाड्याच्या तोंडाशी माझा मेंढपाळ उभा

मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या दिवशी फीत फिरवताना मला आपण कामाचे आहोत असे वाटले.

अशी अकरा गाणी भरली. एक गाणे कडुबांच्या हातावर होते. यंत्राखाली त्यांची दोन बोटे गेली, तेव्हा ते महिनाभर घाटीच्या दवाखान्यात होते. सुगंधाबाईंनी प्रभूच्या खिळ्यांच्या जखमा आणि नवऱ्याचा हात एकाच गाण्यात बांधला. त्या महिन्यात साहेबराव रोज सायकलवरून डबा घेऊन दवाखान्यात जात. पडेगावला राहणारे हे तरुण शिक्षक आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवत. गळा गोड, स्वभाव गोड. ते सुगंधाबाईंना मावशी म्हणत, आणि त्याही त्यांना बहिणीच्या लेकासारखे मानत.

एके दिवशी साहेबराव म्हणाले, "मावशी, ही गाणी अशी घरात ठेवू नका. मी लिहून काढतो, चाली बसवतो. मंडळी म्हणेल. आठ दिवस टेप अन् कॅसेट द्या."

"घेऊन जा, बाबा," सुगंधाबाई म्हणाल्या. "फकस्त कशावरनं सुचलं ते बी लिव्ह."

"लिहितो की!"

मला कापडात गुंडाळून त्यांनी सायकलला बांधले. मी आनंदाने गेलो.

पहिले चार दिवस ते खरोखर लिहीत होते. बानाबाईची हकिगत ऐकताना त्यांचे डोळे भरले. पाचव्या दिवशी दुपारी ते पेटीवर ते गाणे म्हणत असताना मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे काकासाहेब आले. गाणे संपेपर्यंत ते दारातच थांबले.

"साहेबराव, अहो, हे कुणाचं?"

साहेबराव पेटीकडे बघत राहिले.

"तुमचं आहे का?"

"हो," साहेबराव म्हणाले. "प्रार्थनेत सुचलं."

काकासाहेबांनी त्यांना मिठी मारली. आपण याचे पुस्तक काढू, कॅसेट काढू, असे ते म्हणाले. साहेबराव नको नको म्हणत होते. पण एवढेच म्हणायचे होते की ही गाणी सुगंधाबाईंची आहेत. तेवढे मात्र ते बोलले नाहीत.

काकासाहेब गेल्यावर ते माझ्यासमोर बसले. दोनदा त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग सुगंधाबाईंची कॅसेट पहिल्यापासून लावली आणि माझे लाल बटण दाबले. ते गाऊ लागले. मी फिरत होतो. बानाबाई गेली, घोंगडे गेले, कडुबांचा हात गेला. मला थांबता येत नव्हते. एक बाजू संपल्यावर त्यांनी कॅसेट उलटली.

आठ दिवसांनी मी घरी परतलो. "मावशी, सगळं उतरवून घेतलंय," साहेबराव म्हणाले. सुगंधाबाईंनी त्यांना गूळ घातलेला चहा दिला आणि मला हात फिरवून फळीवर ठेवले. आता सगळे उतरले म्हणून त्यांनी कॅसेट लावून पाहिली नाही. मी कसा सांगणार?

चार महिन्यांनी नाताळची उपासना झाली. मंडळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दिवशी त्या मलाही घेऊन गेल्या होत्या. आपली गाणी सगळे म्हणताना नव्या कॅसेटवर भरून घ्यायची होती त्यांना. नवे पुस्तक वाटले गेले आणि काकासाहेबांनी त्यावरचे साहेबरावांचे नाव मोठ्याने वाचून दाखवले. साहेबराव उभे राहून म्हणाले, "दौलताबादच्या डोंगरावर पहाटे प्रार्थना करत होतो. एक मेंढपाळ कोकरू खांद्यावर घेऊन जाताना दिसला, आणि हे गीत मला मिळालं."

सगळे गाऊ लागले. 'वाड्याच्या तोंडाशी' हे शब्द त्यात नव्हते. त्या जागी 'स्वर्गाच्या दाराशी' असे आले होते.

उपासना संपताच सुगंधाबाई पुढे गेल्या. "साहेबराव, गाणं घे, बाबा. पण माझ्या बानाबाईला कुठं टाकलंस?"

काकासाहेब म्हणाले, "बाई, गाणं तुमचं असेल तर काही पुरावा?"

"हाय की." त्यांनी पिशवीतली जुनी कॅसेट माझ्यात घातली आणि मला टेबलावर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कारण माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. कोणीतरी म्हणाले, कशाला वाद? तेव्हा साहेबरावच हळू आवाजात बोलले, "वाजवू द्या मावशीला."

सुगंधाबाईंनी बटण दाबले. माझ्यातून साहेबरावांचा आवाज निघाला.

सुगंधाबाईंनी कॅसेट उलटली. पुन्हा तोच आवाज. दोन-चार जण हसले. कडुबा आपला तुटक्या बोटांचा हात माझ्यावर आपटून म्हणाले, "बोल की!" मी जे ऐकले होते तेच बोललो.

"बाई," काकासाहेब समजुतीने म्हणाले, "देवाच्या गाण्यावर कुणाचा हक्क नसतो. सगळं त्याच्या गौरवासाठी."

"मग पुस्तकावर यांचं नाव कशाला छापलं?" सुगंधाबाईंनी विचारले.

चहा आला आणि लोक कपांकडे वळले.

घरी येताना त्यांनी मला उचलले नाही. कडुबांनी आणले. त्यानंतर सुगंधाबाई माझ्याजवळ एकदाही गायल्या नाहीत. मंडळीत त्या जात राहिल्या, पण ते गाणे लागले की ओठ मिटून बसत. साहेबराव दिसले की ते नजर चुकवीत. माझ्यावर धूळ साचली. ती पुसावी असे कुणाला वाटले नाही, आणि ते मला बरोबरच वाटले.

मग १९९४ चा जानेवारी आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. रस्त्यावर गुलाल, ढोल, घोषणा. कडुबा पेढे घेऊन आले. सुगंधाबाईंनी पेढा हातात धरला आणि म्हणाल्या, "सोळा वरसं लागली, पर नाव मिळालं. आता बानाबाईला भेटून येते. तिचं गाणं तिला तरी ऐकवते."

दुसऱ्या दिवशी त्या फर्दापूरच्या एसटीने जुन्या गावाकडे गेल्या. परत आल्यावर त्यांनी कडुबांना सांगितले ते मी फळीवरून ऐकले.

"बानाबाई दोन वरसांमागं गेली. नात होती घरी. तिला सगळं सांगितलं, गाणं म्हणून दाखवलं. तिनं इचारलं, 'हे माझ्या आजीचं हाय व्हय?'"

"मग?"

"म्हनलं, व्हय, तुझ्या आजीचंच. पोरीनं तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडनं. पाठ झालं तिला."

मित्रांनो, ते गाणे मला आता कधीच वाजवता येणार नाही. तुमच्या घरातही कुणी आजी, मावशी काम करता करता गात असेल. तिला विचारा, हे कुणाचे, कशावरून सुचले, आणि लिहून ठेवा, तिच्या नावासकट. आणि कुणी विश्वासाने दिलेली कॅसेट हातात आली, तर लाल बटण दाबण्याआधी ती कुणाची आहे ते आठवा.